स्वस्त शाईपेन: निवड, निगा आणि दुरुस्ती

शाईपेनात मोटार नसते, स्प्रिंग नसते, शाई ढकलणारा कोणताही पंप लिहिताना चालत नाही. निब, निबखालची जीभ आणि शाईची टाकी एवढ्या तीन भागांवर ते चालते. पन्नास रुपयांचे पेन आणि पन्नास हजारांचे पेन यांचे तत्त्व एकच असते. फरक असतो तो धातूत, घडाईत आणि कारखान्यात झालेल्या तपासणीत. महागडे पेन बहुधा जुळवून आणि लिहून पाहूनच बाहेर पडते. स्वस्त पेनाच्या बाबतीत हे शेवटचे काम पुष्कळदा घेणाऱ्यावर येते. ते अवघड नाही. त्यासाठी पेन आतून कसे चालते, घेताना काय पाहायचे आणि बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा, एवढे माहीत असावे लागते.

पेन चालते कसे

निबच्या मधोमध एक बारीक चीर असते. तिच्यामुळे निबची दोन पाती होतात आणि पुढे ती एका कठीण मण्यापाशी येऊन मिळतात. अनेक निबांवर ‘इरिडियम पॉइंट’ असे कोरलेले असते, पण आजच्या मण्यात इरिडियम असेलच असे नाही. ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंचे मिश्रण तेथे वापरले जाते. अगदी स्वस्त निबांत वेगळा मणी नसतोच, पोलादाचेच टोक दुमडून गोल केलेले असते. असे टोक लवकर झिजते.

निबच्या खाली काळ्या प्लॅस्टिकची किंवा एबोनाइटची जीभ असते. तिच्यावरच्या अरुंद खाचेतून शाई केशाकर्षणाने पुढे येते आणि चिरेतून कागदावर उतरते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे, नाहीतर आत पोकळी निर्माण होऊन प्रवाह थांबतो. शाई बाहेर आणि हवा आत, ही देवाणघेवाण बेताने घडवून आणणे हेच जिभेचे खरे काम. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट घेतले ते या सुधारणेचे. जिभेच्या कडेला दिसणाऱ्या कंगव्यासारख्या खाचा जास्तीची शाई धरून ठेवतात, त्यामुळे तिचा थेंब कागदावर पडत नाही.

पेनाचे बहुतेक सगळे बिघाड या वाटेवरच कुठेतरी होतात. शाई अडते, हवा अडते किंवा हवा नको तेथून आत येते.

स्वदेशी शाई आणि स्वदेशी पेन

स्वस्त पेनाची परंपरा भारतात स्वदेशीच्या चळवळीशी जोडलेली आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण देशी बनावटीचे पेन घडवले आणि ते मिळाल्यावर 1935 मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून पसंती कळवली. महाराष्ट्रात शाईची बाजू दांडेकर बंधूंनी सांभाळली. दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर यांनी 1931 मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि त्यातून कॅम्लिन उभी राहिली. आज ती जपानी भागीदारीतली कोकुयो कॅम्लिन आहे, पण शाळेजवळच्या दुकानात उंटाचे चित्र असलेली दौत अजूनही मिळते.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी पेन सहज मिळत नसल्याने देशी कारखानदारीला वाव मिळाला. मुंबईच्या एअरमेल कंपनीची ‘वॅलिटी’ पेने, कानपूर रायटर्सची ‘कानराइट’ पेने आणि त्यांच्या निबा, दक्षिणेतल्या कारागिरांची लेथवर कातलेली एबोनाइटची पेने ही सारी त्याच परंपरेतली. पुढे बॉलपेन आणि जेल पेनने रोजचे लिखाण ताब्यात घेतले, तरी ही देशी पेने बंद पडली नाहीत. म्हणूनच आजही थोडक्या पैशांत दुरुस्त करता येणारे पेन मिळू शकते.

कोणते पेन घ्यावे

शाई भरण्याच्या पद्धतीवरून स्वस्त पेनांचे मुख्य चार प्रकार पडतात. पहिला प्रकार ड्रॉपरने भरायचा. यात पेनाची संपूर्ण नळी हीच टाकी असते आणि तिच्यात दोन-तीन मिलिलिटर शाई मावते. आत बिघडण्यासारखे काही नसते आणि किंमतही कमी असते. दुसरा प्रकार कार्ट्रिजचा. शाईने भरलेली नळकांडी बसवली की काम झाले, पण सुट्या शाईपेक्षा ती महाग पडते. अनेक कंपन्यांची कार्ट्रिज फक्त त्यांच्याच पेनाला बसतात, त्यामुळे ती जवळच्या दुकानात मिळतात का हे आधी पाहावे. तिसरा प्रकार कन्व्हर्टरचा. कार्ट्रिजच्या जागी दट्ट्याची छोटी नळी बसते आणि दौतीतून शाई ओढता येते. तिची क्षमता साधारण अर्धा ते एक मिलिलिटर. चौथा प्रकार रबरी पिशवी दाबून भरायचा. जुन्या चिनी ‘हिरो’ पेनांत तो सर्रास असे. पेन चांगले चाले, पण पिशवी आणि झाकलेली निब दुरुस्त करणे नवख्याचे काम नव्हे.

पहिल्या खरेदीसाठी दोनच प्रकार सोयीचे आहेत: ड्रॉपरने भरायचे देशी पेन किंवा कन्व्हर्टर बसणारे पेन. त्यातही ज्याची निब आणि जीभ हाताने ओढून बाहेर काढता येते, ते पेन निवडावे. असे पेन पूर्ण धुता येते, निब सरळ करता येते आणि खराब झालीच तर नवी घालता येते. पाच आणि सहा नंबरच्या निबा सुट्या मिळतात आणि त्यांचा खर्च फार नसतो. निब कायमची चिकटवलेले पेन स्वस्त दिसते, पण बिघडले की फेकावेच लागते.

निबच्या जाडीचा विचार देवनागरी डोळ्यांसमोर ठेवून करावा. मराठी अक्षरात शिरोरेघ, काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे कमी जागेत गर्दी करतात. एकरेघी वहीत जाड निबने लिहिले तर ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या गाठी शाईने भरून जातात. रोजच्या लिखाणाला फाइन निब बरी, मोठ्या अक्षराला मीडियम. एकाच नावाची जाडी सर्व देशांत सारखी नसते. जपानी फाइन युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते. प्लॅटिनम कंपनीच्या स्वस्त ‘प्रेपी’ पेनावर 02, 03, 05 असे आकडे असतात. ते अनुक्रमे एक्स्ट्रा फाइन, फाइन आणि मीडियम.

दुकानात काय तपासावे

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या वसाहतीत शाळा, शिकवण्या आणि त्यांच्या आधाराने चालणारी स्टेशनरीची दुकाने भरपूर आहेत. अशा दुकानांत बॉलपेन आणि जेल पेन मुख्य असतात. शाईपेने मागितल्यावर बाहेर निघतात आणि निवडीला दोन-चारच नग असतात. जास्त निवड हवी असेल तर भाईंदरहून चर्चगेटची लोकल धरून मरीन लाइन्सला उतरावे आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत जावे. त्या भागातली अब्दुल रेहमान स्ट्रीट ही स्टेशनरीची जुनी घाऊक पेठ आहे. पुण्याकडच्यांना अप्पा बळवंत चौक आहे. ऑनलाइन भाव कमी दिसतो, पण स्वस्त पेनात एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत आणि नग हातात घेऊन निवडण्याची सोय तेथे नसते.

दुकानात शाई न भरताही बरेच कळते. निब उजेडासमोर धरावी. चीर वरच्या छिद्रापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली असावी. टोकाशी ती उघडी दिसली तर शाई जास्त येईल, छिद्रापासूनच दबलेली दिसली तर अडेल. समोरून पाहिल्यास मण्याचे दोन्ही अर्धे सारख्या उंचीवर हवेत. निबच्या बरोबर मध्याखाली जीभ असावी, दोघींत फट दिसू नये. मग कोऱ्या कागदावर कोरड्या निबने, अजिबात जोर न देता, इंग्रजी आठचा आकडा काढावा. एखाद्या दिशेला कागद ओरखडत असेल तर दुसरा नग मागावा. दुकानदार परवानगी देत असेल तर निब शाईत बुडवून दोन ओळी लिहाव्यात.

टोपणही पाहावे. ते घट्ट बसत नसेल तर निब रात्रीतून वाळते. मुलांच्या घशात अडकल्यास श्वास चालू राहावा म्हणून काही टोपणांना मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. अशा टोपणात आतले दुसरे टोपण नसेल तर पेन लवकर सुकते. ड्रॉपरच्या पेनात नळीचे आटे स्वच्छ आणि न चिरलेले असावेत. गळती सुरू होते ती बहुधा तेथूनच.

शाई आणि कागद

शाईपेनात शाईपेनाचीच शाई घालावी. हा नियम सांगावा लागतो, कारण त्याच दुकानात, त्याच फळीवर, चित्रकलेची जलरोधक शाईही असते. तिच्यात लाखेसारखा चिकट घटक असतो. तो वाळला की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. दौतीवर ‘फाउंटन पेन’ हे शब्द वाचूनच ती घ्यावी.

रॉयल ब्लू शाई पाण्याने धुतली जाते, म्हणून नव्या पेनासाठी आणि मुलांच्या कपड्यांसाठी ती सोयीची. अर्ज, पावत्या, करारनामे यांना मात्र परमनंट शाई हवी. जुन्या धर्तीच्या काही ब्लू-ब्लॅक शायांत लोहाचे क्षार असतात. त्या टिकाऊ असतात, पण पेनात महिनोन्‌महिने पडून राहिल्या तर गाळ धरतात. दोन शाया एकत्र मिसळू नयेत. त्यांची आम्लता वेगळी असेल तर साका बसू शकतो. शाईवर तवंग, तंतू किंवा कुबट वास आढळला तर बुरशी लागली असे समजून दौत टाकून द्यावी. त्या शाईत बुडवलेले पेनही धुवावे.

अक्षराला फाटे फुटणे हा पुष्कळदा पेनाचा दोष नसतो. स्वस्त वहीचा सैल कागद शाई शोषून घेतो आणि रेघेच्या कडेने ती पसरते. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कागद ओल धरतो, त्यामुळे उन्हाळ्यात चांगली वाटणारी वहीही जुलैत फुटू लागते. पेनावर ठपका ठेवण्याआधी दुसऱ्या, गुळगुळीत कागदावर लिहून पाहावे.

पहिली धुलाई

नवे पेन शाई भरण्याआधी धुवावे. साचा आणि यंत्र यांचे तेल जिभेवर राहिलेले असते आणि तेलकट पृष्ठभागावर शाई पसरत नाही. नवे पेन न चालण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, निब आणि जीभ सुटी करून त्यात थोडा वेळ ठेवावी, मऊ जुन्या ब्रशने खाच हलकेच साफ करावी आणि साबण पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळावी.

धुण्यासाठी गरम पाणी, स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचे द्रव वापरू नये. त्यांनी प्लॅस्टिक चिरते आणि एबोनाइटचा रंग उडतो. मीरा-भाईंदरला स्टेम आणि एमआयडीसी या पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांचे पाणी येते, पण अनेक इमारतींत त्याच्या जोडीला टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरतात. असे पाणी क्षारयुक्त असेल तर वाळल्यावर पांढरा थर मागे राहतो, म्हणून शेवटची धुलाई पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावी.

निब आणि जीभ परत बसवताना दोन्ही एकत्र धरून सरळ आत सरकवावी. जीभ निबच्या छिद्राच्या पुढे येते, पण मण्यापर्यंत पोहोचत नाही, ही योग्य स्थिती.

बिघाड कसा शोधावा

क्रम महत्त्वाचा आहे. जे सहज उलटवता येते ते आधी करावे, धातू वाकवण्याचे आणि घासण्याचे काम शेवटी. पहिली तपासणी पेनाची नव्हे, हाताची. बॉलपेनला उभे धरून दाबावे लागते. शाईपेन कागदाशी साधारण 45 अंशांत, निबचा वरचा भाग आकाशाकडे ठेवून, जवळजवळ विनाजोर चालवायचे असते. निब कुशीवर वळली तर एकच पाते कागदाला लागते आणि रेघ तुटते. दाबून लिहिले तर पाती फाकतात.

पेन अजिबात लिहीत नसेल तर शाई संपली नाही ना, कार्ट्रिज पूर्ण टोचले गेले आहे ना, हे पाहावे. मग निब पाण्यात क्षणभर बुडवून पुसावी. तेवढ्याने चालले तर शाई वाळली होती. चालले नाही तर वर सांगितल्याप्रमाणे संपूर्ण धुलाई करावी.

पहिला फटकारा कोरडा जातो आणि नंतर पेन सुरळीत चालते, अशी तक्रार असेल तर टोपण तपासावे. टोपण ठीक असेल तर मण्याच्या आतल्या कडा गरजेपेक्षा जास्त गोल झाल्या असण्याची शक्यता आहे. अशा निबमध्ये शाई चिरेत असते, पण कागदाला टेकत नाही. हा घडाईचा दोष असून निब बदलणे हा सोपा उपाय.

लिहिता लिहिता रेघ तुटत असेल तर कुठे तुटते ते पाहावे. शिरोरेघ आडवी आणि लांब असल्याने दोष तिच्यात लगेच दिसतो. काने नीट उमटतात आणि शिरोरेघा तुटतात, किंवा उलट होते, तर पाती वरखाली झालेली असतात. सगळ्याच रेघा फिक्या येत असतील तर चीर फार घट्ट आहे किंवा जीभ निबपासून सुटली आहे. आठ-दहा ओळी व्यवस्थित लिहून मग प्रवाह मरत असेल तर टाकीत हवा जात नाही. जिभेची खाच साफ केली की हा दोष बहुधा जातो. कन्व्हर्टरमध्ये शाई मागच्या टोकाला चिकटून बसत असेल तर त्यावर हलकी टिचकी मारावी.

चीर मोकळी करायची असेल तर पितळेची अगदी पातळ पट्टी, साधारण 0.05 मिलिमीटर जाडीची, तिच्यातून एक-दोनदा हळूच फिरवावी. दाढीचे ब्लेड वापरू नये. ते जाड असते आणि पात्यांच्या आतल्या कडा कापते. पट्टी नसेल तर निब नखावर टेकवून पाती किंचित फाकतील इतपत दोन-तीन सेकंद दाबावी, सोडावी आणि लिहून पाहावे. प्रत्येक वेळी थोडेच करावे. जास्त वाकलेले पोलाद पूर्वीसारखे होत नाही.

ओरखडणाऱ्या निबचे कारण दहापैकी नऊ वेळा वरखाली झालेली पाती हेच असते, असे समजून सुरुवात करावी. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसले दहापट भिंग घेऊन टोक समोरून पाहावे. वर गेलेले पाते नखाने हलकेच खाली दाबावे आणि दोन्ही अर्धे समपातळीत आणावेत. त्यानंतरही खरखर राहिली तरच नखे चमकवायच्या पट्टीच्या सर्वांत मऊ बाजूवर, निब शाईने ओली ठेवून, बिनजोर चार-पाच वेळा आठचा आकडा काढावा आणि थांबावे. मणी एकदा झिजला की परत येत नाही.

शाई जास्त येत असेल किंवा थेंब पडत असेल तर ड्रॉपरच्या पेनात आधी टाकीची पातळी पाहावी. शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की टाकीत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते. पेन तेवढे रिकामे होण्याआधीच पुन्हा भरणे हा यावरचा उपाय. एबोनाइटची जाड नळी उष्णता हळू पोहोचवते, म्हणून तिच्यात हा त्रास कमी. आट्यांतून गळती होत असेल तर त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. ते न मिळाल्यास नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळावी. व्हॅसलीन लावू नये. त्याने रबरी भाग खराब होतात.

जीभ निबपासून सुटली असेल आणि ती एबोनाइटची असेल तर निब-जीभ एकत्र धरून, उकळून उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवावी, बाहेर काढून बोटांनी दाबून धरावी आणि थंड होऊ द्यावी. उष्णतेने एबोनाइट मऊ होते आणि निबच्या आकाराला बसते. प्लॅस्टिकच्या जिभेवर हा उपाय नीट चालत नाही.

रोजची निगा

रोज वापरात असलेले पेन महिन्या-दीड महिन्यातून एकदा आणि शाईचा रंग बदलताना दर वेळी धुवावे. पंधरवड्याहून जास्त काळ वापरायचे नसेल तर रिकामे करून, धुऊन, निब खाली ठेवून पाणी टिपकागदावर निथळू द्यावे. विरार लोकलच्या गर्दीत पेन खिशात निब वर करून ठेवावे. आडवे पडलेले पेन धक्क्यांनी टोपणात शाई सांडते. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा दप्तरात भरलेले ड्रॉपर पेन ठेवू नये. पावसाळ्यात साध्या पोलादी निबवर गंज धरू शकतो. लिहून झाल्यावर ती पुसून टोपण लावण्याची सवय त्यासाठी पुरेशी आहे.

पकडीचा भाग चिरला, आटे झिजले किंवा मणी तुटला तर धुण्या-वाकवण्याने काही होत नाही. मणी गेला तर नवी निब घालावी, बाकी दोन्हींत पेनच बदलावे. एरवी स्वस्त शाईपेनाच्या बहुतेक तक्रारी साबणाचे पाणी, योग्य शाई आणि सरळ बसवलेली निब एवढ्यावर मिटतात. म्हणून खरेदी करताना दुकानदाराला किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा: याची निब हाताने निघते का? उत्तर ‘हो’ असेल तर ते पेन घ्यावे.